न्यूमेरिकल रिले बसवलाय, तरी दरवर्षी टेस्टिंग कशाला?

टॉवेल मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. ११ केव्हीचा एचटी (उच्च दाबाचा) सप्लाय, १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर) पॅनलवर न्यूमेरिकल रिले, म्हणजे करंट मोजून फॉल्ट दिसला की ब्रेकर पाडायची आज्ञा देणारा प्रोसेसरवाला डबा. दोन ओव्हरकरंट (जादा करंट), एक अर्थ फॉल्ट (करंट जमिनीत जाणं), नेहमीचंच. यंदा रिले टेस्टिंगचं कोटेशन मालकांपुढे ठेवलं, तर त्यांनी मला पॅनलसमोर नेऊन हिरवा दिवा दाखवला. "हा स्वतःच स्वतःला तपासतो असं पॅनल विकणारा सांगून गेलाय. मग हे पैसे कशाचे?" मला धड उत्तर सुचलं नाही.

दुसरी भानगड. या पावसाळ्यात आमच्या आवारातली एचटी केबल गेली. आमचा ब्रेकर पडला, पण त्याच दमात सबस्टेशनचा फीडरही पडला आणि फीडरवरची सगळी युनिटं अंधारात. शेजाऱ्यांचे फोन अजून चालू आहेत. रिलेच्या नोंदीत मात्र 'अर्थ फॉल्ट ट्रिप' अशी स्वच्छ नोंद आहे, म्हणजे त्याने काम केलंच की!

तर अनुभवी लोकांनी सांगा, टेस्टिंग खरंच लागतं का, आणि फीडर का उडाला?

शेंगाचटणी
मालकांना म्हणावं हिरवा दिवा तर सिग्नललाही असतो, तरी आपण सात रस्त्याला दोन्हीकडं बघूनच जातो का नाय?

निवृत्त चाचणीवाला
तुमच्या मालकांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून त्यांना खोडून काढायला जाऊ नका. न्यूमेरिकल रिले खरोखरच स्वतःवर नजर ठेवतो. प्रोसेसर, मेमरी, आतला पॉवर सप्लाय, अॅनालॉगचं डिजिटल करणारा भाग, यातलं काही बिघडलं तर दिवा बदलतो आणि वॉचडॉगचा (इशाऱ्याचा) कॉन्टॅक्ट पडतो. जुन्या डिस्कच्या रिलेला ही सोय नव्हती. तो मेला तरी वर्षभर शांत बसायचा आणि फॉल्टच्या दिवशी कळायचं.

पण ही नजर रिलेच्या डब्यापुरती. डब्याबाहेर काय आहे ते मोजा. सीटी (लाइनचा मोठा करंट लहान करून रिलेला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर), सीटीपासून रिलेपर्यंतच्या वायरी, टर्मिनलचे स्क्रू, ट्रिपचा आउटपुट कॉन्टॅक्ट, तिथून ट्रिप कॉइलपर्यंतची वायर, ट्रिप कॉइल, तिला लागणारा डीसी आणि शेवटी ब्रेकरची यंत्रणा. सीटीचा स्क्रू ढिला झाला तर रिलेला वाटतं लोड कमी आहे. ट्रिप कॉइल जळली असेल आणि ट्रिप सर्किट सुपरव्हिजन (ट्रिप कॉइलच्या सर्किटवर नजर ठेवणारी सोय) जोडलेलं नसेल, तर रिलेला पत्ताच नाही. तो आज्ञा देतो, नोंद करतो, आणि ब्रेकर जागचा हलत नाही.

तुमची 'अर्थ फॉल्ट ट्रिप' ही नोंद त्याच जातीची आहे. त्यातून एवढंच कळतं की रिलेने आज्ञा दिली. ब्रेकर किती वेळाने उघडला, ते त्या नोंदीत आहे का? बहुतेक रिलेंत ब्रेकरचा सहायक कॉन्टॅक्ट इनपुटला जोडला तरच ते दिसतं. जोडलाय का बघा.

पॅनलवाला
आधीच सांगतो, टेस्टिंग हा माझा धंदा आहे, त्यामुळे माझं मत जरा तोलूनच घ्या.

टेस्टिंग करा, पण काय करून घेताय ते बघा. बाजारात जे चाललंय ते असं: माणूस किट घेऊन येतो, रिलेच्या मागच्या टर्मिनलला करंट सोडतो, कॉन्टॅक्ट मिटला की घड्याळ थांबवतो, चहा पितो, रिपोर्ट देतो. ब्रेकर टेस्ट पोझिशनलाच (मुख्य लाइनपासून बाजूला सरकवलेला), कधीकधी तर ट्रिपची लिंक उघडून ठेवलेली. काही रिपोर्ट मी असे पाहिलेत की दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे आकडे मिलिसेकंदापर्यंत सारखे. कारखान्याचं नाव बदललं, ट्रान्सफॉर्मरचा नंबर बदलायचा राहिला.

मागून घ्यायच्या गोष्टी अशा. आल्या आल्या सेटिंग फाइल उतरवून घ्यायची आणि जाताना पुन्हा उतरवायची, दोन्ही तुमच्याकडे. करंट टेस्ट टर्मिनल ब्लॉकपासून सोडायचा, रिलेच्या पाठीवर नाही, म्हणजे मधल्या वायरीही तपासल्या जातात. निदान एका चाचणीत ब्रेकर खरा पडला पाहिजे आणि घड्याळ ब्रेकरच्या पोलवर थांबलं पाहिजे. कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसेल तर मालकांचं म्हणणं खरं, पैसे वाया.

कोजन इंजिनिअर
थोडा विरोधी सूर लावतो. माळशिरसकडे साखर कारखान्याच्या कोजनमध्ये (वीजनिर्मिती विभागात) आहे. आमचं मत असं झालंय की चांगल्या रिलेला दरवर्षी हात लावणं हाच मोठा धोका आहे.

एका कारखान्यात (आमचा नव्हे, नाव विचारू नका) हंगामाच्या तोंडावर सगळ्या रिलेंचं टेस्टिंग झालं, रिपोर्ट उत्तम. ओव्हरकरंट एका फेजवर तपासताना अर्थ फॉल्ट आधी उडतो, कारण एका फेजचा करंट त्याला असंतुलन म्हणूनच दिसतो. म्हणून टेस्टरने अर्थ फॉल्ट बंद केला. पुन्हा चालू करायचा राहिला. ऐन गाळपात केबल फुटली, रिले गप्प, मागचा इनकमर (मुख्य ब्रेकर) पडला आणि अख्खा कारखाना थांबला. बॉयलर, टर्बाइन, सगळं. टेस्टिंग केलंच नसतं तर हे घडलं नसतं!

सीटीच्या शॉर्टिंग लिंकचंही तेच. टेस्टला शॉर्ट केल्या, काढायच्या राहिल्या. रिले आंधळा, दिवा हिरवा.

शेंगाचटणी
म्हणजे टेस्टिंग नाय केलं तरी मरण, केलं तरी मरण. लई भारी खातं हाय बे तुमचं.

निवृत्त चाचणीवाला
कोजनसाहेबांची तक्रार खरी आहे, फक्त ती टेस्टिंगविरुद्ध नसून टेस्ट करणाऱ्याविरुद्ध आहे. आमच्या वेळी नियम साधा होता. शेवटची चाचणी नेहमी 'जसं आहे तसं' करायची: सगळे एलिमेंट चालू, सगळ्या लिंका जागेवर, आणि एकदा करंट सोडून ब्रेकर पाडायचा. ती झाल्यावर पॅनलला कुणी हात लावायचा नाही. लोड घेतल्यावर रिलेच्या पडद्यावरचा करंट आणि मीटरचा करंट जुळतो का बघायचं. शॉर्टिंग लिंक राहिली असेल तर तिथंच सापडते.

लिंकांचा विषय निघालाय तर नव्या मुलांसाठी: चालू लोडवर सीटीची सेकंडरी चुकूनही उघडी ठेवू नका. प्रायमरीचा करंट थांबत नाही, सेकंडरीला वाट मिळत नाही, मग सगळा करंट गाभ्याला चुंबकीय करण्यात जातो आणि उघड्या टोकांवर काही हजार व्होल्ट उभे राहू शकतात. आधी शॉर्ट करायची, मग उघडायची. उलटा क्रम केलेले लोक मी पाहिलेत, त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

डिप्लोमा थर्ड इयर
सर, जुने डिस्कचे रिले अजून कुठे आहेत का? आमच्या लॅबमध्ये एक आहे पण त्याची काच कुणी उघडू देत नाही.

निवृत्त चाचणीवाला
आहेत की. सीडीजी म्हणून जो इंग्लिश इलेक्ट्रिकचा रिले, तो पुढे जीईसी, अल्स्टॉम, अरेवा अशी नावं बदलत कित्येक पॅनलवर टिकून आहे. काच उघडू देत नाहीत ते बरं करतात. आत अॅल्युमिनियमची डिस्क, ज्वेल बेअरिंगवर उभी, एका बाजूला ब्रेक मॅग्नेट. आपल्याकडे दोन शत्रू: सोलापूरची धूळ आणि मागांची रुई. रुईचा एक तंतू मॅग्नेटच्या फटीत गेला की डिस्क अडखळते. लोखंडाचा कीस गेला तर चिकटूनच बसतो. फुंकर मारून निघत नाही.

तपासायची रीत ऐक. प्लग सेटिंगच्या (ज्या करंटला रिले जागा व्हायचा त्याच्या) १.०५ पटीला कॉन्टॅक्ट मिटायला नको, १.३ पटीला मिटायलाच हवा. मग टाइम मल्टिप्लायर (टीएमएस, वेळेचा गुणक) १ वर ठेवून दुप्पट करंटला साधारण १० सेकंद, पाचपटीला ४.३, दहापटीला ३. म्हणूनच त्याला तीन सेकंदांचा रिले म्हणायचे. दहापटीचा करंट फार वेळ सोडून ठेवू नको, कॉइल तापते. कॉन्टॅक्ट काळे पडले तर बर्निशरने हलके घासायचे, पॉलिश पेपर अजिबात नाही. त्याचे कण कॉन्टॅक्टमध्ये रुततात.

आणखी एक गंमत. करंट थांबला की डिस्क लगेच मागे येत नाही, पूर्ण परतायला दहा सेकंदांच्या आसपास घेते. फीडर पडला आणि ऑपरेटरने घाईत लगेच चार्ज केला, तर डिस्क अर्ध्या वाटेवरच असते. दुसऱ्या वेळी ती अर्ध्या वेळात ट्रिप देते. मग लोक म्हणतात रिले बिघडला.

पूर्व भाग लूम
हे सगळं ठीक. आमच्याकडं पहिला पाऊस पडला की हमखास लाइट जाते, तेवढं का ते सांगा. पाऊस रिलेला दिसतो काय?

पॅनलवाला
रिलेला नाही, इन्सुलेटरला दिसतो. उन्हाळाभर धूळ बसते, पहिल्या भुरभुर पावसात ती ओली होऊन वाहक बनते आणि पिन इन्सुलेटरवरून फ्लॅशओव्हर होतो (ठिणगी उडते). जोराचा पाऊस झाला की धुऊन जातं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पावसात त्रास कमी. तिथं रिले आपलं कामच करतोय, त्याला शिव्या देऊ नका.

मीटरवाली
फीडर का उडाला हा मूळ प्रश्न सगळे विसरलेत. टॉवेल भाऊ, तुमच्या रिलेची सेटिंग आणि फीडरची सेटिंग टाका. टेस्टिंगवर नंतर भांडू.

टॉवेल मेंटेनन्स
ताई, आमची: सीटी १००/५ (१०० अँपिअरचे ५ करणारी). ओव्हरकरंट सीटीच्या ६० टक्के, टीएमएस ०.१. अर्थ फॉल्ट २० टक्के, टीएमएस ०.१. वक्र स्टँडर्ड इन्व्हर्स (करंट जास्त तितका वेळ कमी). हायसेट (मोठ्या करंटला वक्र न बघता झटपट ट्रिप) दोन्ही बंद. फीडरची सबस्टेशनला विचारली, त्यांनी लगेच दिली: सीटी ३००/५, अर्थ फॉल्ट २० टक्के, टीएमएस ०.१, अर्थ फॉल्टचा हायसेट त्यांचाही बंद.

मीटरवाली
धन्यवाद. हायसेट त्यांचा चालू असता तर तुम्ही काहीही केलं तरी फीडर तुमच्यासोबतच उडाला असता, म्हणून ते महत्त्वाचं होतं.

आता हिशोब. तुमचा अर्थ फॉल्ट २० अँपिअरला जागा होतो, फीडरचा ६० ला. फॉल्टचा करंट तुमच्या रिलेच्या नोंदीत असेल, तूर्त ६०० अँपिअर धरते. स्टँडर्ड इन्व्हर्सचं सूत्र: ०.१४ गुणिले टीएमएस, भागिले (पटीचा ०.०२ वा घात वजा १).

फीडरला ६०० म्हणजे १० पट. वेळ ०.३० सेकंद.

तुम्हाला ६०० म्हणजे ३० पट. बऱ्याच रिलेंत वक्र २० पटीनंतर सपाट होतो, म्हणून २० धरू. वेळ ०.२३ सेकंद.

दोघांत अंतर ०.०७ सेकंद. या ७० मिलिसेकंदांत तुमच्या ब्रेकरने उघडून आर्क विझवला पाहिजे. चांगला व्हीसीबी उघडायलाच ५०-६० मिलिसेकंद घेतो, वर आर्कचे दहा-पंधरा. म्हणजे कागदावरही हे काठावर आहे. दोन रिलेंमध्ये साधारण ०.३ सेकंदांचं अंतर ठेवतात ते याचसाठी. तुमची सेटिंग पॅनल कारखान्यातून जशी आली तशीच राहिलेली दिसते. फीडरशी कुणी जुळवलीच नाही.

तेव्हा टेस्टिंगने हा प्रश्न सुटणार नाही. रिले अगदी बरोबर ०.२३ सेकंदांत चालेल, रिपोर्टवर 'समाधानकारक' असा शिक्का बसेल, आणि पुढच्या केबल फॉल्टला फीडर पुन्हा उडेल.

झोन तीन
मीटरवालीताईंशी शंभर टक्के सहमत. रिले ठणठणीत असून सेटिंगने घोळ होण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ३० जुलै २०१२ ची पहाट, ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर लाइन. लाइनवर फॉल्ट नव्हता. लोड प्रचंड आणि व्होल्टेज पडलेलं. डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले करंट बघतो, त्याला तो भागाकार झोन तीनच्या (लांबच्या फॉल्टसाठी ठेवलेल्या बॅकअप हद्दीच्या) आत आल्यासारखा दिसला आणि त्याने लाइन उघडली. तिच्यावरचा भार दुसऱ्या लाइनींवर गेला आणि अख्खं उत्तर ग्रिड बसलं. दुसऱ्या दिवशी, ३१ ला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. पश्चिम ग्रिड वाचलं, आणि दक्षिण तर तेव्हा डीसी लिंकांनीच जोडलेलं होतं म्हणून तिकडं काही पोहोचलं नाही.

ते डीसीचं कुंपण पुढे मोडलं ते आपल्याच गावात: ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर आलं.

पूर्व भाग लूम
देश जोडला सोलापूरनं, आणि माझा लूम बंद!

शेंगाचटणी
तुझा ७६५ केव्हीचा लूम असता तर चालू राहिला असता.

कोजन इंजिनिअर
विषयावर येऊ. ताईंचं गणित मान्य. उपाय म्हणून लोक आता सरळ 'हायसेट चालू करा' म्हणतील. सावध. ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना इनरश (क्षणभराचा मोठा करंट) येतो, पूर्ण लोडच्या आठ-दहा पट. १००० केव्हीएला लोड ५२ अँपिअर, म्हणजे इनरश ५०० च्या घरात. सीटी थोड्या वेगवेगळ्या सॅच्युरेट झाल्या की रिलेला खोटा अर्थ करंट दिसतो. हायसेट खाली ठेवला तर दर सकाळी चार्ज करताना ब्रेकर पडेल आणि मालक म्हणतील जुनाच मेंटेनन्सवाला बरा होता.

मीटरवाली
बरोबर शंका. म्हणून दोन हायसेट वेगळे बघायचे.

ओव्हरकरंटचा हायसेट ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या फॉल्टला लागू नये. ५ टक्के इंपिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) धरला तर एलटी (कमी दाबाच्या) बाजूच्या थ्री फेज फॉल्टला वर ५२ भागिले ०.०५, सुमारे १०५० अँपिअर येतील. त्याच्या १.३ पट, म्हणजे १४०० च्या आसपास. इनरश त्याच्या खूप खाली राहतो. तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरचा इंपिडन्स बघून आकडा नक्की करा.

अर्थ फॉल्टचं सोपं आहे. ट्रान्सफॉर्मर डायन ११ (वर डेल्टा, खाली स्टार जोडणीचा) असेल तर एलटी बाजूचा अर्थ फॉल्ट डेल्टाच्या पलीकडे अर्थ फॉल्ट म्हणून जातच नाही. त्यामुळे वरच्या अर्थ फॉल्टला खालच्या कुणाची वाट बघायची गरज नाही, तो झटपट ठेवता येतो. १०० अँपिअरला, ५० मिलिसेकंदांच्या छोट्या विलंबाने. इनरशसाठी रिलेत सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग असेल तर ते चालू करा. नसेल तर विलंब १०० करा. ६०० अँपिअरच्या फॉल्टला मग तुमचा ब्रेकर पाव सेकंदाच्या आत मोकळा होतो, फीडर ०.३० ला बसलाय.

अर्थात ब्रेकर ६० मिलिसेकंदांत उघडतो हे गृहीत धरून. ते मोजायला परत टेस्टिंगच लागेल, पॅनलवाले खूश.

पॅनलवाला
ताई, चहा माझ्याकडून.

निवृत्त चाचणीवाला
डीसीबद्दल कुणीच बोललं नाही. टॉवेलभाऊ, ट्रिपला डीसी कुठून येतो? बॅटरी सेट आहे की नुसता पॉवर पॅक? छोट्या एचटी ग्राहकांकडे एसीवर चालणारा पॉवर पॅक असतो, आत एक लहान बॅटरी किंवा कपॅसिटर. जवळच थ्री फेज फॉल्ट झाला की तिथला एसी व्होल्टेज जवळपास शून्यावर येतो, आणि नेमकं त्याच क्षणी ट्रिप कॉइलला डीसी हवा असतो. आतली बॅटरी मेलेली असेल तर रिलेही झोपतो आणि ब्रेकरही. चाचणी फुकटची आहे: शटडाऊन घ्या, पॉवर पॅकचा एसी बंद करा, आणि मग करंट सोडून ब्रेकर पडतो का बघा. आपल्या एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत पत्र्याच्या पॅनलरूममधल्या बंद बॅटऱ्या फार दिवस टिकत नाहीत.

डिप्लोमा थर्ड इयर
सर, हे पुस्तकात एका ओळीत आहे. 'विश्वसनीय डीसी पुरवठा असावा.'

निवृत्त चाचणीवाला
ती ओळ लिहिणाऱ्याची बॅटरी चांगली असणार.

पॅनलवाला
पॅनलमधल्या पालींवरही एक धागा काढा कुणीतरी. केबल एंट्रीची भोकं सील करायला फार तर एक डबा कंपाउंड लागतो, तेवढं कुणी करत नाही. मग पाल बसबारवर आणि रिपोर्टमध्ये 'अज्ञात कारण'.

टॉवेल मेंटेनन्स
मंडळी, अपडेट. इथली उत्तरं छापून मालकांना दिली. त्यांनी पूर्ण वाचली, पालीवर हसले, आणि टेस्टिंगला हो म्हणाले. अट एकच, इथं लिहिलंय तसंच करायचं. रविवारी शटडाऊन घेऊन केलं.

रिले: टर्मिनल ब्लॉकपासून करंट सोडला. पिकअप बरोबर, २० पटीला ०.२३ सेकंद, अगदी ताईंच्या आकड्यावर.

ब्रेकर: करंट सोडल्यापासून पोल उघडेपर्यंत ०.४१ सेकंद. म्हणजे रिलेची आज्ञा मिळाल्यावर ब्रेकरने १८० मिलिसेकंद घेतले. यंत्रणा उघडून बघितली तर ट्रिप लॅचवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, त्यात रुई. बसल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता. फीडर ०.३० ला आज्ञा देऊन मोकळा होत होता, तेव्हा आमचा अजून उघडतच होता. साफ करून उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस लावल्यावर ५५ मिलिसेकंद.

चाचणीवाल्या काकांची डीसीची चाचणीही केली. पॉवर पॅकचा एसी बंद करून करंट सोडला. रिले उडाला, ब्रेकर हलला नाही. आतली बॅटरी फुगलेली निघाली. केबल गेली त्या दिवशी एका फेजचाच फॉल्ट असल्यामुळे एसी टिकला असावा, म्हणून निभावलं.

मालकांनी हिरव्या दिव्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

मीटरवाली
१८० मिलिसेकंद! मग काठावरची गोष्टच नव्हती, फीडर उडणारच होता. म्हणजे मी वर लिहिलेलं अर्धंच होतं, सेटिंग आणि ब्रेकर दोन्ही होते. आता ५५ झाले तरी ०.२३ अधिक ०.०५५ आणि आर्क, ०.३० च्या दारातच. अर्थ फॉल्टचा हायसेट केलात का?

टॉवेल मेंटेनन्स
केला. १०० अँपिअर, ५० मिलिसेकंद, हार्मोनिक ब्लॉकिंग चालू. ट्रान्सफॉर्मर पाच वेळा चार्ज करून बघितला, एकदाही पडला नाही. ओव्हरकरंटचा हायसेट १४०० ला. पाटीवर इंपिडन्स ५ टक्केच निघाला. नवी सेटिंग लेखी स्वरूपात सबस्टेशनलाही दिली. सेटिंगचा कागद पॅनलच्या दारावर आतून चिकटवलाय, फाइल पेनड्राइव्हवर आणि मालकांच्या मेलवर.

कोजन इंजिनिअर
मी हरलो असं समजू नका. तुमच्याकडे सापडलेल्या दोन्ही गोष्टी, ग्रीस आणि बॅटरी, रिलेच्या बाहेरच्या आहेत. रिले बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. माझं म्हणणं तेच: न्यूमेरिकल रिलेच्या वक्राची पूर्ण चाचणी तीन-चार वर्षांनी पुरे. ब्रेकर रिलेकडून पाडून वेळ मोजणं, डीसी आणि सीटीची जोडणी हे मात्र दरवर्षी. डिस्कचा रिले असेल तर सगळंच दरवर्षी, तुमच्या रुईत तर पावसाळ्याआधी आणि नंतर.

निवृत्त चाचणीवाला
एवढ्यावर माझी सही. एक जोड: सेटिंग बदलली, फर्मवेअर बदललं किंवा रिले बदलला, तर वर्ष न मोजता पूर्ण चाचणी. आणि रिले दहा-बारा वर्षांचा झाला की त्याच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरवर लक्ष ठेवा. एक स्पेअर रिले तुमची सेटिंग भरून कपाटात ठेवलेला बरा.

टॉवेल मेंटेनन्स
स्पेअरचं कोटेशन घेऊन मालकांकडे जायला थोडा धीर गोळा करतो. पुढचं शटडाऊन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत घ्यायचं ठरलंय, तेव्हा ब्रेकरची वेळ पुन्हा मोजणार. ज्यांना यायचंय त्यांनी या, हुरडा आणि चटणी-भाकरी आमच्याकडे.

कोजन इंजिनिअर
जानेवारीत आमचं गाळप जोरात. मला धरू नका, आकडे तेवढे टाका.

शेंगाचटणी
भाकरी कडक हाय का मऊ? त्यावर ठरवतो.